चराईबंदी तर ठरली, पण डोंगरावर रोपं लावायची की नुसतं राखायचं?

पायथ्याचा_पाटील
नमस्कार मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याला अगदी चिकटून. खाली केळी-कापूस, वर तीन पाडे (पावरा आणि भिल्ल वस्ती) आणि त्यांच्या मागे वनखात्याचा डोंगर. डोंगर म्हणजे आता उन्हाळ्यात बघाल तर दगड, कुसळी गवत, मधूनच एखादा सालई आणि मोह. मोहाला कोणी कुऱ्हाड लावत नाही म्हणून तो टिकला. आमचे आजोबा सांगायचे की तिथे अंजनाचं रान होतं, भर दुपारी आत शिरलं तरी गार वाटायचं.

आता गावाने आणि पाड्यांनी मिळून ठरवलंय की डोंगराचा एक मोठा तुकडा राखायचा, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. एक संस्था रोपं द्यायला तयार आहे, सोबत पोकलेनही देते म्हणतात. गावात दोन मतं पडलीत. काहींचं म्हणणं पावसाळा तोंडावर आहे, खड्डे करा आणि लावा. काही म्हातारे म्हणतात काही लावू नका, डोंगराला हात लावू नका, आपोआप येईल. मला मनापासून हे काम नीट व्हायला हवंय, कारण एकदा फसलं की पुन्हा वीस वर्षं कोणी नाव काढणार नाही. ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा.

वरणबट्टी
लावा ना भाऊ, फुकट रोपं मिळताहेत तर सोडता कशाला? वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब लावा. झाड लावलेलं कधी वाया जात नाही.

सालई_धावडा
वरणबट्टी, वाया जातं हो, आणि नुसतं रोप नाही, लोकांचा उत्साहपण जातो. मी याच कामात आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या बऱ्याच गावांत फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाटील, आधी एक करा. पाड्यावरच्या कोणा जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि त्या उघड्या डोंगरावर खाली बघत चाला. कुसळीत गुडघ्याएवढी झुडपं दिसतील, पानं कुरतडलेली, फांद्या आखूड आणि ताठ, लांबून वाटतं काहीतरी काटेरी खुरटं आहे. बसून बुंध्याशी माती सारा. खाली मनगटाएवढा, कधी मांडीएवढा जाड खुंट सापडतो, त्यावर जुन्या कुऱ्हाडीचे घाव एकावर एक. तो धावडा असतो, नाहीतर साग, तिवस, तेंदू. वय तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. दरवर्षी फुटतो, दरवर्षी शेळी शेंडा खाते किंवा वणवा जाळतो, पुन्हा फुटतो. त्याची मुळं जागेवर आहेत आणि खोल आहेत. नर्सरीतल्या पिशवीतल्या रोपाला ती मुळं करायला कितीतरी पावसाळे लागतील आणि आपल्याकडे पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, तोपण मधे मधे महिनाभर दडी मारणारा.

अंजनाचं तर आणखी वेगळं. त्याचं रोप पहिली काही वर्षं वर वाढतच नाही, शेंडा वाळतो, परत येतो, सगळी ताकद मुळात घालतं. लोकांना वाटतं मेलं. त्याला फक्त कोणी खाऊ नये आणि जाळू नये एवढंच हवं असतं.

म्हणून माझं मत, पहिला पावसाळा काहीच लावू नका, नुसतं बंद ठेवा आणि दिवाळीला जाऊन बघा. नंतर ज्या खुंटाला आठ-दहा फुटवे आलेत त्यातले जोमदार एक-दोन ठेवून बाकी छाटा, ते सरपणाला जातील. जिथे खुंट नाही, मुळं नाहीत, अगदी कातळ उघडा पडलाय, तिथेच लावणीचा विचार करा, तोसुद्धा तिथल्याच झाडांचा.

जळगावकर_भो
सहमत. २०१९ ला राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली तेव्हा आमच्याकडेपण खड्डे भरले होते. जिथे पाणी घालणारा माणूस होता, म्हणजे शाळेचं आवार, स्मशानभूमी, तिथली झाडं आज डोक्यावर गेलीत. डोंगरावरची शोधावी लागतात.

केळीवाली_ताई
वाचतेय. छान धागा.

गिरणाकाठ
सालई_धावडा यांचं मुळांबद्दलचं पटलं, पण पाण्याशिवाय काही होणार नाही. उतारावर पडलेला पाऊस दोन तासांत नाल्यातून पळतो, माती घेऊन. सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), नाल्यात दगडी बांध, वरच्या टप्प्यात छोटी वनतळी ही कामं आधी झालीच पाहिजेत. संस्था पोकलेन देतेय तर सोडू नका.

आणि एक गोष्ट पायथ्याच्या गावांनी समजून घ्यावी. चोपडा-यावल-रावेरला सातपुड्याच्या पायथ्याशी जो बझाडा पट्टा आहे, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर, तो पाणी प्रचंड पितो. तिथे मुरलेलं पाणीच खाली केळीच्या बोअरला येतं. इतकी वर्षं आपण उपसा केला आणि डोंगर उघडा केला, म्हणजे दोन्हीकडून मार. पाणी सावकाश खाली आलं तर बझाडा ते पिऊन घेतो, गढूळ लोंढा आला तर गाळाने त्याची तोंडं बुजतात. तेव्हा वरचं रान हा केळीवाल्याच्याही विहिरीचा प्रश्न आहे.

सालई_धावडा
गिरणाकाठ, बझाड्याचं फार महत्त्वाचं लिहिलंत. पण पोकलेन चढावर नेऊ नका ही कळकळीची विनंती. चर खणताना तो तेच जुने खुंट उपटून टाकतो ज्यांच्यावर आपली सगळी भिस्त आहे, आणि जायला-यायला जो रस्ता करतो त्यातूनच पुढच्या पावसात माती वाहते. नाल्यातले दगडी बांध माणसांनी रचावेत, रोजगार हमीतून करून घ्या, पाड्यावरच्या लोकांना दिवाळीनंतर कामही मिळेल. चर खणायचेच तर जिथे खरंच काही नाही तिथे, हाताने, तुटक.

गिरणाकाठ
हाताने होत असेल तर उत्तमच, पण मजूर मिळत नाहीत हे वास्तव आहे. नाल्यापुरतं यंत्र, उतारावर नाही, इतपत मी मान्य करतो. त्याहून मागे सरकणार नाही :)

खापरावरचा_मांडा
भाऊ, तुम्ही बठ्ठा बरोबर सांगी राहिनात. पन बकरीस्नं काय करानं ते कोनी सांगत नही! आमना गावमा बी बंदी करी होती. दोन वरीस चालनी. मंग रातले बकऱ्या जावाले लागन्यात, आनि मंग दिवसाले बी.

भरीत_पार्टी
@खापरावरचा_मांडा बकरीले सातबारा वाचता येत नही ना भो 😀 तिला बिचारीला हिरवं दिसतं.

मोहाची_सावली
शेळ्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी धडगावकडची, पावरा, आता शाळेत शिकवते. बैठकीत बंदी ठरते तेव्हा बोलणारे कोण असतात ते आठवून बघा. ज्यांच्याकडे जमीन आहे, गोठ्यात म्हैस आहे, कडबा आहे, गॅस आहे. ज्या म्हातारीकडे चार शेळ्या हीच सगळी बँक आहे, ती बैठकीत मागे बसते आणि गप्प असते. गप्प म्हणजे होकार नाही. मांडा दादांच्या गावात रात्री शेळ्या गेल्या त्या चोर होत्या म्हणून नाही गेल्या, त्यांना दुसरी जागा दिलीच नव्हती.

डोंगर एकदम सगळा बंद करू नका. तुकडे पाडा. एक बंद, एक शेळ्यांना उघडा, काही वर्षांनी खुंट शेळीच्या तोंडाच्या वर गेले की अदलाबदल. कुठला तुकडा उघडा ठेवायचा ते शेळीवाल्यांनाच ठरवू द्या, त्यांना वाटा आणि पाणी माहीत असतं.

दुसरं सरपण. कुऱ्हाडबंदीचा पहिला फटका बाईला बसतो. तिला आता दुप्पट लांब जावं लागतं, किंवा लपून जावं लागतं आणि दंड तिलाच होतो. वाळलेलं, पडलेलं लाकूड ठरलेल्या वारी आणायची मोकळीक लिहून ठेवा. फुटवे छाटाल ते आधी त्या घरांना द्या.

आणि बैठक संध्याकाळी सातला ठेवू नका, तेव्हा आम्ही चुलीपुढे असतो.

केळीवाली_ताई
मोहाची_सावली, +१००. शेवटची ओळ तर सगळ्या ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लिहायला हवी.

पायथ्याचा_पाटील
सावलीताई, मनापासून आभार. आमच्या बैठकीला पाड्यावरच्या बाया आल्या होत्या पण कोणी बोललं नाही हे खरं आहे. आता पाड्यावरच, दुपारी, वेगळं बसतो. मोहाच्या आगीचंही सांगा ना. आमच्याकडे दर मार्च-एप्रिलला डोंगर जळतो आणि सगळे पाड्याकडे बोट दाखवतात.

मोहाची_सावली
आग बऱ्याचदा मोहाखालचा पालापाचोळा जाळताना लागते हे खरं आहे. फुलं पहाटे पडतात, पिवळसर, पाल्यात दिसत नाहीत, म्हणून खाली जाळून जागा साफ करतात आणि वारा आला की आग गवतात जाते. उपाय सोपा आहे. होळीच्या आधी प्रत्येक मोहाखाली झाडून पाला लांब ढीग करायचा, किंवा जुन्या साड्या, जाळी अंथरायची. जाळीवरची फुलं स्वच्छ असतात, भाव चांगला येतो. आमच्याकडे प्रत्येक मोह कुठल्या घराचा ते ठरलेलं असतं, त्यामुळे सांगायला सोपं आहे: तुझ्या मोहाखालून आग गेली तर जबाबदारी तुझी. पण विडी टाकणारा, मुद्दाम गवत जाळणारा यांच्याकडेही तेवढंच बघा, सगळं मोहावर ढकलू नका.

सालई_धावडा
यात भर. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) त्याआधी, गवत वाळलं पण ऊन तापलेलं नाही अशा वेळी काढून घ्या. बंद तुकड्यात गवत कमरेएवढं वाढणार, आणि तेच जळालं तर आधीपेक्षा मोठी आग. म्हणजे गवत कापून न्यायची सोय हा बंदीचाच भाग आहे. धुळे तालुक्यात लामकानीला जाऊन या, गावाने राखलेलं गवताळ रान काय असतं ते कळेल. पवना, मारवेलसारखी चांगली गवतं परत येतात आणि कुसळी मागे हटते.

कायद्याचं_बोला
सगळं छान चाललंय पण मूळ प्रश्न राहिला. डोंगर वनखात्याचा. उद्या अधिकारी बदलला आणि म्हणाला तुम्ही कोण अडवणारे, तर? किंवा दहा वर्षांनी झाडं मोठी झाल्यावर तोडीचा आराखडा निघाला तर?

वनहक्क कायदा २००६, कलम ३ (१) (आय): गाव ज्या सामूहिक वनसंपत्तीचं परंपरेने रक्षण करत आलंय ती राखायचा, पुनरुज्जीवन करायचा आणि तिचं व्यवस्थापन करायचा हक्क. कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव, जैवविविधता राखायचा अधिकार देतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर या दाव्याचा वेगळा नमुना आहे, नमुना क. दावा ग्रामसभेत, वनहक्क समितीमार्फत, मग प्रांताच्या उपविभागीय समितीकडे, मग कलेक्टरच्या जिल्हा समितीकडे. ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया. पुराव्यात म्हाताऱ्या माणसांचे जबाबही चालतात, ते आत्ताच लिहून घ्या, कोण कुठला मोह वेचायचं, देवाची जागा कुठे, गुरांचं पाणी कुठे.

चोपडा, यावल, रावेरमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तुमचं गाव त्यात असेल तर पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते. गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ मध्ये हा हक्क मिळवला, १८०० हेक्टरच्या आसपास. खान्देशात वैयक्तिक दाव्यांसाठी लोक जिवाचं रान करतात आणि सामूहिक दाव्याचा कागद कोणी उघडत नाही याचं फार वाईट वाटतं.

नाना_शिरपूर
माफ करा पण मी याच्याशी सहमत नाही. वनहक्काच्या नावाखाली आमच्याकडे किती जंगल नांगराखाली गेलं ते डोळ्यांनी बघितलंय. हक्क दिला की आधी झाडं जातात. कडक पहारा आणि कारवाई, बाकी काही नको.

कायद्याचं_बोला
नाना, तुमची तळमळ कळते. पण वैयक्तिक दाव्याला १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा लागतो, त्यानंतरचा नांगर कायद्यात बसतच नाही. आणि सामूहिक हक्कात कोणाला नांगरायला जमीन मिळत नाही. उलट नवीन अतिक्रमण आलं तर अडवायला उभं राहायचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. एका बीटाला, म्हणजे गार्डला नेमून दिलेल्या हद्दीला, एक गार्ड, तो किती डोंगर राखणार?

नाना_शिरपूर
गार्डचं खरं आहे. पण ग्रामसभा स्वतःच्या माणसाला दंड करेल हे मला अजून बघायचंय.

साक्रीचा_सुदाम
नाना, बघायचं असेल तर आमच्या तालुक्यात बारीपाड्याला या. चैत्राम पवारांनी आणि गावाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून राखलंय, आज ४४५ हेक्टर रान आहे. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे झाड तोडलं की दंड, मग तो कोणाचाही भाऊबंद असो. सुरुवातीला खूप भांडणं झाली असं तिथलेच लोक सांगतात. पण विहिरींना पाणी आलं, भात चांगला व्हायला लागला, मग नियम सांगावा लागला नाही.

आणि त्यांची रानभाज्यांची स्पर्धा चुकवू नका! बाया एकेक भाजी रांधून मांडतात, ओळख सांगतात, कुठे मिळते, कशी शिजवायची. शहरातून आलेले लोक वह्या काढून लिहून घेतात.

भरीत_पार्टी
रानभाजी म्हटल्यावर धागा आता पाककृतीकडे जाणार बघा. कटुर्ल्याची भाजी, कळण्याची भाकरी, बस!

केळीवाली_ताई
शेवळं विसरलात? पण नीट शिजवा बाई, नाहीतर घसा खाजतो. सोबत काकडाची फळं घालायची, म्हणजे ते झाडही रानात पाहिजे. एक भाजी करायला दोन झाडं राखावी लागतात.

खालचा_शेतकरी
मी विरोधात बोलतोय असं समजू नका, पण जंगल वाढलं की रानडुकरं वाढतात. एका रात्रीत मका झोपवतात. रोही (नीलगाई) वेगळेच. त्याचं काय?

सालई_धावडा
रास्त चिंता आहे. पण डुकरं आजही आहेतच, ती ऊस-मक्यात राहतात, घट्ट रान नसलं तरी. नुकसानभरपाई वनखात्याकडून मिळते, पंचनामा लगेच करून घ्यावा लागतो, उशीर झाला की अडतं. गावाच्या समितीने हे अर्ज भरून द्यायचं काम अंगावर घ्यावं. ज्याचा मका गेला त्याच्या बाजूने समिती उभी राहिली तर तो रानाच्या विरोधात जाणार नाही.

घुबड_बघणारा
थोडं विषयांतर करतो, पण खान्देशी माणसाला हे माहीत असलंच पाहिजे. रानपिंगळा! हे छोटं घुबड १८७० च्या दशकात शास्त्राला कळलं, नंतर १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसनने खान्देशातच शेवटचा नमुना मिळवला, आणि मग शंभराहून जास्त वर्षं तो कोणाला दिसलाच नाही. मधे एका इंग्रज अधिकाऱ्याने, माइनर्टझागनने, १९१४ मध्ये गुजरातमध्ये मिळाल्याचं सांगितलं होतं, पण तो नमुना संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ते उघडकीला आणणाऱ्या पामेला रासमुसेन जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोधत आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना आणि सोबत्यांना तो दिसला. भर सकाळी, उघड्या फांदीवर!

मी यावलच्या बाजूला बघितलाय. निष्पर्ण सालईवर बसून शेपटी डावी-उजवी झटकत होता, डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती तपकिरी. खाली सरडा दिसला की सरळ सूर. तो घरटं करतो जुन्या झाडाच्या ढोलीत. म्हणून पाटील, कितीही पोकळ, वाकडं, निकामी वाटलं तरी जुनं झाड पाडू नका. कोवळ्या झाडाला ढोली नसते, तिला कित्येक दशकं लागतात. सगळीकडे दाट रोपं लावली तरी त्याला चालत नाही, त्याला मोकळं, विरळ रानच लागतं.

नाना_शिरपूर
वा! शहादा आमच्या शेजारी, आणि हे माहीत नव्हतं. मुलांना सांगतो.

मेंढरामागे
एक राहिलं. आम्ही ठेलारी, वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर. प्रत्येक गाव आपापला डोंगर बंद करतंय, चांगलं करतंय, पण आमची वाट कुठून? त्याच वनहक्क कायद्यात ३ (१) (डी) मध्ये भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कपण आहे. गावाने बंद तुकडा करताना आम्हाला विचारा. वाट सोडा, पाण्याची जागा सांगा, आम्ही बंद तुकड्यात पाय ठेवणार नाही. आम्हालाही पुढच्या वर्षी चारा हवाय. शेतात मेंढरं बसवली की खत तुमचंच.

कायद्याचं_बोला
अगदी बरोबर. नकाशात त्यांची वाट आधी आखा, बंदीच्या रेषा नंतर.

पायथ्याचा_पाटील
इतकं मिळालं की काल रात्री वही घेऊन बसलो. रोपं आणि पोकलेन सध्या नको असं संस्थेला कळवतोय, त्याऐवजी राखणदाराचा पगार देता का विचारतो. कारण अडचण तीच आहे. पाड्यावरची निम्मी घरं दिवाळी झाली की गुजरातला कामाला जातात, थेट भोंगऱ्या बाजाराला, होळीला परततात. नेमकं गवत वाळायच्या वेळी डोंगरावर कोणीच नसतं. श्रमदानाने गस्त घाला म्हणणं सोपं आहे, पोट कसं भरायचं? संस्थेने दिले तरी दोन-तीन वर्षं देतील. पुढे काय?

गिरणाकाठ
पुढे बझाडा. मी मघाशी म्हटलं तेच. तुमच्या शिवारात केळीचे बोअर किती ते मोजा आणि बोअरमागे वर्षाला ठरावीक रक्कम राखणीच्या खात्यात, ग्रामसभेचा ठराव करून. एका घडाच्या किमतीएवढीसुद्धा नको. केळीवाल्याला पटवायला विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला फळ्यावर लिहा, पहिल्या वर्षापासून. आकडा समोर दिसला की माणूस पैसे देतो.

खालचा_शेतकरी
बोअरमागे पैसे असतील तर हिशोब ग्रामपंचायतीच्या खात्यात नको, वेगळं खातं हवं. आणि राखणदार पाड्यावरचाच हवा. मी देईन.

मोहाची_सावली
राखणदार जोडी ठेवा, नवरा-बायको. बाया सरपणाला येतात तेव्हा त्यांच्याशी बाईच बोलू शकते. आणि पगार आठवड्याला द्या, तीन महिन्यांनी दिला तर तो माणूसही गुजरातला जाईल.

सालई_धावडा
शिवाय गवत. विळ्यामागे दर ठेवा: एका विळ्याला हंगामाचा पास, त्या दिवशी कापाल तेवढं तुमचं, फक्त डोक्यावर न्यायचं, ट्रॅक्टर नाही. पाड्यावरच्या भूमिहीन घरांना पास फुकट. कापणी बी पडल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. एक पट्टा दरवर्षी न कापता सोडा.

आणि पाटील, काहीतरी लावायचं म्हणून ज्यांचे हात शिवशिवताहेत त्यांना अंजनाच्या शेंगा गोळा करायला लावा. त्या एप्रिल-मेमध्ये वाळतात, चपट्या, कागदासारख्या, वाऱ्यावर उडतात, टोकाला एकच बी. दरवर्षी भरपूर येत नाहीत, ज्या वर्षी येतील ते सोडू नका. मृगाच्या आधी उघड्या जागेत, दगडाच्या आडोशाला, बोटाच्या पेराएवढं खोल टोचायचं.

पायथ्याचा_पाटील
आमच्याकडे खंडोबाच्या टेकडीवर चार जुने अंजन आहेत, यंदा लगडलेत. शाळेच्या पोरांना घेऊन रविवारी जातो. टोचायच्या आधी बी भिजवावं लागतं का?

सालई_धावडा
नाही, ताजं असेल तर तसंच चालतं. फक्त किडलेलं वेगळं काढा, शेंग उजेडात धरली की भोक दिसतं.